गरुडछाप चांदी

टोमॅटो, चॉकलेट आणि चिकू हे तीन शब्द मूळचे कोणाचे, असा प्रश्न मी एकदा सातवीच्या वर्गात विचारला. टोमॅटो इंग्रजांचा, चॉकलेटही इंग्रजांचेच आणि चिकू घोलवडचा, अशी झटपट उत्तरे आली. वस्तुतः हे तिन्ही शब्द एकाच घरचे आहेत. मेक्सिको देशात पूर्वी अ‍ॅझ्टेक नावाचे लोक राज्य करीत होते. त्यांच्या नाहुआत्ल भाषेतून हे शब्द निघाले, स्पॅनिश लोकांच्या तोंडी रुळले आणि फिरत फिरत आमच्या बाजारात येऊन बसले. मिरचीही त्यांच्याच देशची. मात्र तिने इकडे आल्यावर आपले नाव टाकले आणि आमच्या मिऱ्याचे नाव घेतले.

ह्या फळाभाज्यांबरोबर त्याच देशाची आणखी एक वस्तू आमच्या किनाऱ्याला लागली. ती म्हणजे चांदी. तिचे मोल टोमॅटोहून कितीतरी अधिक. पण तिचे मूळ नाव-गाव आज आमच्याकडे कोणाला सांगता येत नाही. ते का येत नाही, आणि त्या चांदीचे जे थोडे तुकडे अजून आपल्या चेहऱ्यामोहऱ्यासह शिल्लक आहेत ते का जपावेत, एवढेच ह्या लेखात सांगायचे आहे.

मी कादंबऱ्या लिहिणारा शाळामास्तर. शिक्षण मॅट्रिकपुरते. नाणेशास्त्रातले अधिकारपद माझ्याकडे नाही. परंतु राहतो नाटे येथे, म्हणजे राजापूरच्या खाडीच्या तोंडाशी. यशवंतगडाच्या तटावर उभे राहिले की खाली खाडीचे पाणी दिसते आणि पलीकडे जैतापूर. ज्याला ही जागा रोज दिसते त्याला बाहेरच्या जगाबद्दल कुतूहल वाटले नाही तरच नवल. नाणी जमवण्याचा माझा नाद ह्या कुतूहलातून लागला. संग्रह मोठा नाही. बिस्किटांच्या एका डब्यात मावतो.

त्या डब्यात मेक्सिकोचे पाच पेसोंचे १९४८ सालचे एक नाणे आहे. जहाजावर नोकरी करणाऱ्या माझ्या एका विद्यार्थ्याने तिकडच्या जुन्या बाजारातून ते आणून दिले. वजन ३० ग्रॅम, रुंदी ४० मिलिमीटर आणि चांदी शेकडा ९०. हे नाणे १९४७ आणि १९४८ अशा दोनच सालांचे आहे. त्यांतही १९४७ चे कमी आणि १९४८ चे पुष्कळ अधिक. एका बाजूला निवडुंगावर बसलेला गरुड, त्याच्या चोचीत साप. दुसऱ्या बाजूला शिरोभूषण घातलेला एक तरुण. त्याचे नाव क्वाउतेमोक. नाहुआत्ल भाषेत त्याचा अर्थ होतो, झेप घेऊन खाली उतरणारा गरुड. अ‍ॅझ्टेकांचा हा शेवटचा राजा.

गरुडाची कथा अशी आहे की, हे लोक वस्तीसाठी जागा शोधीत भटकत होते. निवडुंगावर गरुड बसलेला दिसेल तेथे नगर वसवा, असे त्यांच्या देवाने त्यांना सांगितले होते. तो गरुड त्यांना एका सरोवरातल्या बेटावर दिसला आणि तेथे टेनोच्टिट्लान हे नगर उभे राहिले. परंपरेने त्याचे साल १३२५ सांगतात. पुढे दोनशे वर्षांत त्याची मोठी राजधानी झाली. पाण्यावर बांधलेले रस्ते, कालवे, भरगच्च बाजार असे त्या नगराचे वैभव होते. पण त्या बाजारात चांदीचे नाणे मात्र नव्हते. कोकोच्या बिया आणि कापडाचे तागे देऊन तिथले व्यवहार चालत. आमच्याकडच्या कवडीला हे विशेष वाटायचे कारण नाही.

१५१९ साली एर्नान कोर्तेस थोड्या स्पॅनिश शिपायांनिशी त्या किनाऱ्यावर उतरला. अ‍ॅझ्टेकांच्या जाचाला कंटाळलेली आसपासची राज्ये त्याला मिळाली. १५२० साली देवीची साथ आली आणि तिने तलवारीपेक्षा अधिक माणसे नेली. शेवटी वेढा पडला, आणि १३ ऑगस्ट १५२१ रोजी नगर पडून क्वाउतेमोक पकडला गेला. त्या वेळी तो पंचविशीच्या आसपासचा होता. लपवलेले सोने दाखव म्हणून स्पॅनिशांनी त्याचे पाय भाजले. सोने काही फारसे मिळाले नाही. १५२५ साली, कटाचा आरोप ठेवून, कोर्तेसने त्याला फाशी दिले.

सोन्यासाठी आलेल्या त्या लोकांना पुढे सापडली ती चांदी. १५४६ साली साकातेकास येथे खाणी लागल्या, मग ग्वानाह्वातो येथे. दक्षिणेकडे पेरूच्या मुलखात पोतोसीचा डोंगर १५४५ साली सापडलाच होता. दगडातून पाऱ्याच्या साहाय्याने चांदी काढण्याची रीत बसली आणि उत्पन्न वाढत गेले. खाणीत उतरत ते तिथले मूळ रहिवासी आणि आफ्रिकेतून धरून आणलेले गुलाम. मेक्सिको शहरात १५३५ साली टांकसाळीचा हुकूम निघाला. अमेरिका खंडातली ती पहिली टांकसाळ. पुढे ती हलली ती मोक्तेसुमाच्या राजवाड्याच्या जागी बांधलेल्या नव्या वाड्याला लागून. पराभूत राजाच्या अंगणात, विजेत्याच्या मुद्रेचे नाणे पडू लागले. त्यातले मोठे नाणे म्हणजे आठ रेआलांचे. वजन सुमारे २७ ग्रॅम.

आता ही चांदी राजापूरला कशी आली ते पाहू. युरोपच्या व्यापाऱ्यांना आमच्याकडचे मिरे, वेलदोडे आणि कापड हवे होते. त्यांची लोकर मात्र आम्हांला नको होती. कोकणात ती पांघरणार कोण? म्हणून इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीला १६०० सालच्या सनदेतच दर सफरीला ३०,००० पौंडांची चांदी देशाबाहेर नेण्याची परवानगी घ्यावी लागली. ती चांदी बहुतांशी स्पेनच्या रेआलांच्या रूपात असे. पोर्तुगीज हेच करीत, वेंगुर्ल्याचे वलंदेज हेच करीत. दुसरी वाट तांबड्या समुद्राची आणि इराणच्या आखाताची. राजापूरची गलबते मोखा आणि इराणच्या बंदरांना जात, आणि तिकडे युरोपातून आलेली चांदी घेऊन परतत. अणस्कुऱ्याच्या घाटाने देशावरचा माल बैलांच्या पाठीवरून राजापूरला उतरे, आणि तेथून होड्यांनी खाडीच्या तोंडाशी. मी रोज पाहतो त्याच ह्या पाण्यावरून माल बाहेर गेला आणि त्याच्या मोबदल्यात चांदी आत आली.

पण ती नाण्याच्या रूपात टिकली नाही. मोगली मुलखात परके नाणे चालत नसे. व्यापारी ते सुरतेच्या टांकसाळीत नेई. तेथे ते वजन करून, कस लावून वितळवीत आणि त्याचे रुपये पाडून देत. एका आठ-रेआलीत दोन रुपयांहून थोडी अधिक चांदी भरे. आदिलशाही कोकणात लारी नावाचे नाणे होते. चांदीची तार दुमडून, तिच्यावर ठसा मारून केलेले. केस अडकवायच्या आकड्यासारखे ते दिसते. इराणातल्या लार गावावरून त्याला नाव पडले. त्या लाऱ्या आमच्या संगमेश्वर तालुक्यात जमिनीतून निघालेल्या आहेत. ज्या चांदीच्या ह्या तारा ओढल्या तिच्यात मेक्सिकोची आणि पोतोसीची चांदी किती असेल, हे कोणत्याही कसोटीच्या दगडाला सांगता येणार नाही. एकदा मुशीत गेली की चांदीला जन्मभूमी राहत नाही.

नाणे म्हणजे काय हे ज्याला पुरते कळले होते असा पुरुष ह्याच काळात आमच्या प्रांतात झाला. पन्हाळ्याच्या वेढ्यात सिद्दी जौहरला तोफांची मदत केल्याबद्दल शिवाजी महाराजांनी १६६१ साली राजापूरची इंग्रज वखार मारली आणि तिथल्या इंग्रजांना कैदेत टाकले, हे सर्वांना ठाऊक आहे. पुढचा भाग तितका ठाऊक नसतो. १६७४ साली राज्याभिषेकाच्या वेळी हेन्री ऑक्झिंडन रायगडावर तह करायला आला. राजापूरच्या नुकसानीची भरपाई हा एक मुद्दा होताच; पण इंग्रजांची आणखी दोन कलमे होती. त्यांचे नाणे मराठी राज्यात चालावे, हे एक. आणि त्यांचे फुटलेले जहाज किनाऱ्याला लागले तर माल परत मिळावा, हे दुसरे. फुटलेल्या जहाजाबाबत उत्तर मिळाले की कोकणचा रिवाज तसा नाही. नाण्याबाबत महाराजांचे म्हणणे असे पडले की, ज्यात प्रजेला तोटा होईल ते नाणे घ्या अशी सक्ती करता येणार नाही; आणि नाणे वजनाला व कसाला खरे असेल तर ते घेऊ नका असेही कोणी म्हणणार नाही. त्याच वर्षी रायगडावर सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई पाडली गेली, आणि ती शिवराई कोकणातल्या व देशावरच्या बाजारात पुढे दीडशे वर्षांहून अधिक काळ चालत राहिली.

परकी नाणी इकडे सगळीच वितळली असे मात्र नाही. व्हेनिसचे सोन्याचे नाणे टिकले, ते आमच्या बायकांनी टिकवले. त्यावर एका संतापुढे गुडघे टेकलेला तिथला राज्यकर्ता आहे. आमच्या आज्यांनी त्यांत आपल्या ओळखीच्या मूर्ती पाहिल्या, त्याला पुतळी म्हटले, आणि माळेत ओवून गळ्यात घातले. आठ-रेआलीवर होता क्रूस आणि स्पेनच्या राजाची ढाल. पुढे १७३२ पासून दोन खांब आणि त्यांच्यामध्ये दोन पृथ्वीगोल. त्यांत आपले म्हणावे असे काही कोणाला दिसले नाही. म्हणून ती मुशीत गेली. ज्या चित्राला घरात नाव मिळाले ते वाचले.

मेक्सिको १८२१ साली स्वतंत्र झाला, आणि १८२३ पासून त्याच्या चांदीच्या नाण्यावर निवडुंगावरचा तो जुना गरुड येऊन बसला. तीनशे वर्षे राजाची ढाल मिरवणाऱ्या टांकसाळीनेच तो पाडला. ह्या गरुडछाप नाण्याला पूर्वेकडच्या बंदरांतून मेक्सिकन डॉलर म्हणत. हाँगकाँग आणि सिंगापूरकडे चलन म्हणजे हेच. चिनी सावकार ते पारखून घेत आणि आपल्या खुणेचा बारीक ठसा त्यावर मारीत. मुंबईहून माळव्याची अफू आणि कापूस चीनला जाई, आणि त्याच्या बदल्यात चांदी मुंबईला येई. तेव्हा हा गरुडही मुंबईच्या टांकसाळीतल्या भट्टीत पुष्कळदा जळाला असणार. त्याची पूर्वेकडची सद्दी इतकी होती की, त्याला हटवण्यासाठी १८९५ पासून इंग्रज सरकारने मुंबईच्या टांकसाळीत मुद्दाम निराळे डॉलर पाडले. त्यावर हातात त्रिशूळ धरून उभी असलेली ब्रिटानिया आहे. मागे चिनी आणि अरबी लिपीत किंमत. मुंबईत पडलेले नाणे ओळखायचे तर भिंग घेऊन त्रिशूळाचे मधले टोक पाहावे. तेथे बारीक 'बी' अक्षर सापडते.

कोकणचे खलाशी ह्या बोटींवर होते. ते परत येताना कमरेच्या कशात काय आणीत, ह्याचा एक दाखला मी डोळ्यांनी पाहिला. राजापूरच्या बाजारात एका सोनाराच्या दुकानात मी बसलो होतो. खाडीकाठच्या एका गावची काकी आली आणि तिने रुमालाची गाठ सोडून पाच नाणी पाटावर ठेवली. चार गरुडछाप, एक त्रिशूळवाले. तिच्या नवऱ्याचे आजोबा सिंगापूरच्या बोटीवर होते.

"देव्हाऱ्यात असायची," ती म्हणाली. "हा विष्णूचा गरुड, आणि ही त्रिशूळवाली देवी. सासूबाई दर दसऱ्याला चिंचेने घासून पूजा करायच्या."

"मग आता काढलीत?"

"नातवाची आयटीआयची फी भरायची आहे, गुरुजी. सोमवारपर्यंत."

अ‍ॅझ्टेकांच्या देवाने दाखवलेला गरुड आमच्या एका माजघरात विष्णूचे वाहन होऊन फुले घेत होता! सापाला चोचीत धरलेला पक्षी म्हटल्यावर त्या माउलीने दुसरे काय समजावे? आणि इंग्रजांच्या ब्रिटानियाचीही तेथे देवी झाली होती.

सोनाराने एकेक नाणे तोलले. सव्वादोन तोळ्यांहून थोडे अधिक. मिसळीच्या धातूचा बट्टा वजा करून त्याने वजनाचा भाव सांगितला; त्यात लबाडी नव्हती. मी काकीला म्हटले, वजनाचा भाव आज आहे तसा उद्याही मिळेल. नाणी म्हणून आधी कोणा जाणकाराला दाखवू. सोनार भला माणूस. माझ्या शब्दावर त्याने फीपुरती उचल दिली आणि नाणी पंधरा दिवस तशीच ठेवली. कोल्हापूरच्या एका व्यापाऱ्याला मी ती नेऊन दाखवली. दोन गरुडांवर चिनी ठसे स्पष्ट होते, सालही वाचता येत होते. त्यांतल्या एकाला चांदीच्या किंमतीहून बरीच जास्त रक्कम आली. दुसरा काकीने स्वतःकडे ठेवला, आणि त्रिशूळवालीही ठेवली. उरलेले दोन चिंचेने घासून घासून गुळगुळीत झाले होते. पूजेनेच त्यांचा चेहरा गेला होता. त्यांना वजनापलीकडे कोणी काही देईना. ती दोन माझ्यासमोर मुशीत गेली. आधी गरुडाचे पंख लाल झाले, मग कडा खचल्या, आणि थोड्या वेळाने मुशीत नुसता एक चकचकणारा थेंब राहिला. त्याची लगड झाली. त्या लगडीचे आता कोणाच्या तरी मुलीच्या पायात पैंजण झाले असतील. त्यात काही वावगे नाही. चांदी त्यासाठीच असते. पण त्या दिवशी मला कळले की, तीनशे वर्षे ह्या खाडीत नेमके हेच घडत आले.

म्हणून नाणी जमवू पाहणाऱ्या वाचकांना चार गोष्टी सांगतो. पहिली ही की, जुने नाणे घासू नये. चिंच, राख, पावडर काही लावू नये. त्याच्यावर चढलेला काळपट रंग म्हणजे त्याचे वय आहे. दुसरी, विकत घेण्याआधी तोलावे आणि मोजावे. क्वाउतेमोकचे नाणे ३० ग्रॅमच्या खाली बरेच उतरले, किंवा लोहचुंबकाला चिकटले, तर ते बनावट समजावे. गरुडछाप डॉलरांची नक्कल तर आज पुष्कळ होते. तिसरी, नाण्याबरोबर त्याची हकीकत लिहून ठेवावी: कोणाच्या घरचे, कोणत्या बोटीवरून आले, घरात त्याला काय म्हणत. व्यापाऱ्याच्या पेटीतल्या नाण्याला ही हकीकत नसते. चौथी गोष्ट कायद्याची. नांगरताना किंवा पाया खणताना नाणी सापडली, तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे ती जिल्हाधिकाऱ्यांना कळवावी लागतात. आणि शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या कायद्याप्रमाणे खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही.

आता पुन्हा त्या पाच पेसोंच्या नाण्याकडे वळतो. ह्या नाण्याचे पहिले साल १९४७. ते आम्हांला निराळ्या कारणाने पाठ आहे. त्या वर्षी आम्ही स्वतंत्र झालो. पण आमच्या नाण्यांवर सहाव्या जॉर्जचा मुखवटा होता, आणि सारनाथचे सिंह त्यावर यायला १५ ऑगस्ट १९५० उजाडावा लागला. मेक्सिकोने गरुड दोन वर्षांत आणला. पण ज्या राजाचे पाय भाजले गेले त्याला चांदीच्या इतक्या मोठ्या नाण्यावर आणायला सव्वाशे वर्षे घेतली. मेक्सिको शहरात त्याचा पुतळा तेवढा आधी, १८८७ साली, उभा राहिला होता. त्यानंतर मात्र ही वाट रुंदावत गेली. १९९२ पासूनच्या मेक्सिकोच्या चालू नाण्यांवर अ‍ॅझ्टेकांच्या सूर्यशिळेचे भाग कोरलेले आहेत. ही शिळा १७९० साली शहराच्या मुख्य चौकात खणताना निघाली होती. त्याच १९९२ साली तिसोक राजाच्या कोरीव शिळेचे पाच औंसांचे भले मोठे चांदीचे नाणे संग्राहकांसाठी निघाले.

आमच्याकडे १९९९ साली दोन रुपयांच्या नाण्यावर छत्रपती शिवाजी महाराज आले. ते नाणे चांदीचे नव्हते. लोकांनी भाजी आणली, एस. टी. चे तिकीट काढले आणि खर्चून टाकले. दोन्ही नाणी मी मुलांच्या हातात शेजारी शेजारी देतो आणि फरक विचारतो. आमच्या राजाची स्वतःची शिवराई अजून सापडते. त्यामुळे नंतरच्या लोकांनी काढलेला मुखवटा तिच्याशी ताडून पाहता येतो. क्वाउतेमोकचे स्वतःचे नाणे कधी नव्हतेच. त्याच्या खऱ्या चेहऱ्याचे विश्वसनीय चित्रही उरलेले नाही. नाण्यावरचा तरुण हा शिल्पकाराने कल्पिलेला तरुण आहे. त्याच्या वंशजांचे दारिद्र्य त्या नाण्याने फिटले असेही नाही. तरी ज्या धातूसाठी त्याचा देश खणला गेला त्याच धातूवर त्याचे नाव परत लिहिले गेले, ही गोष्ट मला लहान वाटत नाही.

आमच्या भागात अजून कितीतरी घरांच्या पेट्यांतून, देव्हाऱ्यांतून, म्हाताऱ्यांच्या बटव्यांतून अशी नाणी पडलेली असतील. चांदीचा भाव चढला की ती बाहेर निघतात. गरज असेल तर विकावीत. फीपेक्षा नाणे मोठे नाही. पण मुशीत टाकण्यापूर्वी एकदा त्यावरची अक्षरे घरातल्या शिकत्या मुलाकडून वाचून घ्यावीत, दोन्ही बाजूंचा कागदावर शिसपेन्सिलीने ठसा उमटवून ठेवावा, आणि ते कोणी, कोणत्या बंदरातून आणले हे घरातल्या सर्वांत वडील माणसाला आजच विचारावे.